कौशल्य, कष्ट आणि समूह : ऑनलाइन मोहिमांच्या संहितेसंबंधी काही विचार

१

साहित्यसंहिता वाचताना वाचकाला श्रम पडतात, ही गोष्ट नवी नाही. परंतु श्रम हाच संहितांच्या वर्गीकरणाचा निकष मानण्याचे धाडस एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात केले. कार्य आणि मार्ग या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांतून सिद्ध होणारी ‘एर्गोडिक’ ही संज्ञा त्यांनी साहित्यविचारात आणली. ओळींवरून डोळे फिरवणे आणि पाने उलटणे एवढ्याने जी संहिता पार करता येत नाही, जिच्यातून वाट काढण्यासाठी वाचकाला दखल घेण्याजोगे श्रम करावे लागतात, ती संहिता एर्गोडिक, असे त्यांच्या मांडणीचे सार सांगता येईल. प्राचीन चिनी ‘इ चिंग’पासून संगणकावरील साहसखेळांपर्यंतच्या संहिता या एका संज्ञेखाली आल्या आणि संगणकीय खेळाकडे साहित्यमीमांसेच्या अंगाने पाहण्याची एक वाट मोकळी झाली.

या मांडणीत एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. हे श्रम कोणाचे? आर्सेथ यांच्या ग्रंथात अनेकांनी एकाच वेळी वापरावयाच्या संहितांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तरीही श्रमाची कल्पना एक संहिता आणि तिच्यासमोरचा एक वाचक या जोडीवरच उभी आहे. तो चुकला तर त्याचीच वाट खुंटते आणि तो पुढे सरकला तर यशही त्याचेच असते. जेथे पंचवीस किंवा चाळीस माणसांनी एकमेकांवर विसंबून, एकाच वेळी संहिता पार करावयाची असते, तेथे ही कल्पना अपुरी पडू लागते. तेथील श्रम संहितेला दिलेले उत्तर असतात, आणि त्याच वेळी ते सहवाचकांशी असलेल्या नात्याचाही भाग असतात.

ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळातील सामूहिक मोहिमा हे अशा संहितेचे सर्वांत परिचित उदाहरण होय. या खेळाच्या खेळाडूंमध्ये दोन दशकांहून अधिक काळ एक वाद चालत आलेला आहे. मोहिमेतील यश हे कौशल्याचे फळ की कष्टाचे? वाद वरवर बाष्कळ वाटला तरी त्याच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. गटात कोणाला घ्यावे, कोणाला वगळावे, मिळालेली लूट कोणाच्या पदरात टाकावी आणि कोणाला ‘वाईट खेळाडू’ म्हणावे, हे निर्णय त्यातून होतात. कौशल्य आणि कष्ट यांची दोन स्वतंत्र खाती मांडली की सामूहिक संहितेचे स्वरूपच नजरेआड होते, आणि त्यासोबत माणसांविषयीचे निर्णयही चुकतात, हे या वादाच्या चिकित्सेतून दिसून येते.

२

खेळाडू ज्याला ‘रेड’ म्हणतात ती मोहीम म्हणजे एका दुर्गम स्थळी ओळीने उभ्या असलेल्या बलाढ्य प्रतिपक्ष्यांशी, म्हणजेच ‘बॉस’शी, केलेली लढाई. सुरुवातीच्या मोहिमा चाळीस जणांच्या होत्या. २००७ मध्ये ही संख्या मुख्यतः पंचविसावर आली. गटात तीन प्रकारच्या भूमिका असतात. ‘टँक’ शत्रूचे घाव स्वतःवर घेतो, ‘हीलर’ जखमा भरून काढतो आणि उरलेले सारे शत्रूवर प्रहार करतात. बॉस केव्हा काय करील, त्याची शक्ती किती उरली की त्याचे वर्तन कसे पालटेल, हे आधीच लिहिलेले असते. पुष्कळदा लढाईला कालमर्यादा असते आणि ती उलटली की बॉस अनावर होऊन सर्वांना संपवतो. त्यामुळे केवळ सावध राहून भागत नाही. सगळा गट मारला गेला, म्हणजे ‘वाइप’ झाला, की पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा. एकदा हरविलेला बॉस त्या गटाला पुढील आठवड्यापर्यंत पुन्हा भेटत नाही.

संहिता आणि प्रयोग हा नाट्यसमीक्षेतील भेद येथे उपयोगी पडतो. बॉसचे लिखित वर्तन ही संहिता आणि दर आठवड्याची लढाई हा तिचा प्रयोग. परंतु नाटकाच्या प्रयोगाचा प्रेक्षक वेगळा असतो. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाची सिद्धी आणि तिच्यात येणारे घात यांचा विचार स्वतंत्र अध्यायात आला आहे, आणि निवाडा करण्यासाठी प्राश्निकांचीही योजना आहे. मोहिमेच्या प्रयोगात नट आणि प्रेक्षक ही एकच माणसे असतात. प्राश्निकाची जागा तेथे पुढे यंत्राने घेतली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

संहिता खेळाडूंकडून काय मागते हे तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. ‘नॅक्सरामस’ (२००६) या मोहिमेतील हेगन या बॉसच्या लढाईत जमीन चार भागांत विभागलेली असते आणि एक भाग वगळता बाकीच्या भागांतून विषारी उद्रेक होत राहतात. सुरक्षित भाग ठरलेल्या क्रमाने सरकत जातो आणि प्रत्येकाने त्या लयीत धावावयाचे असते. येथे प्रत्येकाची परीक्षा एकेकट्याची असते. लय चुकली तर शेजारी फारसे काही करू शकत नाही. ‘मोल्टन कोअर’ या पहिल्या मोठ्या मोहिमेतील बॅरन गेडन मात्र एखाद्या खेळाडूच्या अंगात जणू जिवंत बॉम्ब पेरतो. काही सेकंदांत त्याचा स्फोट होणार असतो. त्या खेळाडूने तेवढ्यात इतरांपासून दूर पळावयाचे असते. येथे परीक्षा एकाची, पण तिचे फळ इतरांना भोगावे लागते. ‘नॅक्सरामस’मधील थॅडियस प्रत्येकाच्या अंगी धन किंवा ऋण भार घालतो. समान भाराचे खेळाडू एकत्र उभे राहिले तर त्यांचे प्रहार अधिक जोरकस होतात. विरुद्ध भाराचा एखादा त्यांच्यात राहून गेला तर त्याच्यामुळे भोवतालचे सारे होरपळतात. येथे एकाच्या प्रहाराचे बळही त्याचे एकट्याचे राहत नाही. तो कोणाशेजारी उभा आहे यावर ते ठरते.

या तीन लढायांना खेळाडूंच्या बोलीत ‘स्किल’ हा एकच शब्द लावला जातो. प्रत्यक्षात पहिल्या लढाईत तो शरीराच्या लयीला लागू पडतो, दुसरीत दुसऱ्याविषयीच्या जाणिवेला आणि तिसरीत सर्वांच्या परस्परसंबंधाला. एका शब्दाने झाकले जाणारे हे अंतरच पुढील गोंधळाचे मूळ आहे.

३

कौशल्य की कष्ट हा वाद संस्कृत साहित्यशास्त्राला काव्यहेतूंच्या रूपाने पूर्वीच भेटलेला आहे. काव्य निर्माण होण्याचे कारण कोणते, या प्रश्नाला दंडीने दिलेले उत्तर कष्टाला मान देणारे आहे. नैसर्गिक प्रतिभा नसली तरी अध्ययनाने आणि यत्नाने वाणीची उपासना करणाऱ्यावर ती काहीतरी अनुग्रह करतेच, असे तो मानतो. जगन्नाथ पंडित दुसऱ्या टोकाला उभा आहे. त्याच्या मते कारण एकच, कवीच्या ठायी असलेली प्रतिभा. मात्र ती प्रतिभा कधी अदृष्टातून, तर कधी व्युत्पत्ती आणि अभ्यास यांतून उद्भवते, अशी पुस्तीही तो जोडतो आणि बाहेर ठेवलेल्या अभ्यासाला मागील दाराने आत घेतो. मम्मटाची भूमिका या दोहोंहून सूक्ष्म आहे. शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन अंगे सांगून तो ‘हेतू’ हा शब्द एकवचनी योजतो. ही तीन कारणे नव्हेत, तिन्ही मिळून एक कारण आहे, हा त्याचा आग्रह आहे. कोणता वाटा शक्तीचा आणि कोणता अभ्यासाचा, अशी वजाबाकी त्याला मान्य होणारी नाही.

मोहिमांच्या इतिहासातील एक घटना या दृष्टीने बोलकी आहे. ‘मोल्टन कोअर’चा शेवटचा बॉस रॅग्नरॉस प्रथम हरविला गेला तो एप्रिल २००५ मध्ये, खेळ प्रसिद्ध झाल्यानंतर सुमारे पाच महिन्यांनी. ऑगस्ट २०१९ मध्ये खेळाची जुनी आवृत्ती ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा खुली झाली, तेव्हा तोच रॅग्नरॉस पहिल्या आठवड्यातच पडला. २०१९ ची आवृत्ती मूळ खेळाच्या उत्तरकाळातील सुधारित नियमांवर आधारलेली होती, त्यामुळे लढाई काहीशी सोपी झाली होती, हे मान्य करावयास हवे. तरीही पाच महिने आणि एक आठवडा यांमधील अंतर तेवढ्याने भरून निघत नाही. या काळात माणसांची बोटे अधिक चपळ झाली नव्हती. पालटली होती ती व्युत्पत्ती. कोणत्या वाटेने जावे, कोणती आयुधे जमवावी, कोणत्या क्षणी थांबावे, हे पंधरा वर्षांत लिहिले, मोजले आणि वाटले गेले होते. २००५ मध्ये चाळीस जणांनी वारंवार मरून मिळविलेले ज्ञान २०१९ मधील खेळाडूला वारसा म्हणून मिळाले होते. त्याचे कौशल्य त्याचे होतेच. परंतु त्यात पूर्वीच्या अनोळखी खेळाडूंचे कष्ट मुरलेले होते.

येथे काव्यहेतूंच्या उपमेची मर्यादाही उघड होते. साहित्यशास्त्राने तिन्ही अंगे एका कवीच्या ठायी कल्पिली. मोहिमेत ती अनेकांत विखुरलेली असतात. शक्ती एकाची, निपुणता दुसऱ्याची, अभ्यास सगळ्यांचा, आणि व्युत्पत्तीचा काही भाग तर कोणाच्याच डोक्यात नसून साधनांत साठविलेला असतो. मार्क चेन यांनी ‘लीट नूब्स’ (२०१२) या ग्रंथात ‘मोल्टन कोअर’मध्ये उतरणाऱ्या एका चाळीस जणांच्या गटाचा सहभागी निरीक्षक म्हणून अभ्यास केला आहे. कोणत्या खेळाडूवर शत्रूचे लक्ष किती वळले आहे हे मोजणारे एक ‘ॲड-ऑन’, म्हणजे खेळाला बाहेरून जोडलेले छोटे साधन, गटाने स्वीकारल्यावर लक्ष ठेवण्याचे काम माणसांकडून त्या साधनाकडे कसे गेले आणि त्याने परस्परविश्वासाचे स्वरूप कसे पालटले, हे त्यांनी दाखविले आहे. नैपुण्य हा एका व्यक्तीचा गुण नसून माणसे, साधने आणि नाती यांच्या जुळणीत ते वसते, हा त्यांचा निष्कर्ष मम्मटाच्या एकवचनाला समूहाच्या पातळीवर नेणारा आहे.

४

असे असता खेळाडूंच्या समाजाने दोन वेगवेगळ्या हिशेबवह्या का उघडल्या? पहिली वही कष्टाची होती आणि तिचे कारण व्यावहारिक होते. बॉस पडल्यावर मिळणाऱ्या वस्तू मोजक्या आणि हक्क सांगणारे चाळीस. १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ या आधीच्या खेळात ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ नावाची पद्धत निघाली आणि पुढे ती ‘वॉरक्राफ्ट’मध्येही रुजली. मोहिमेला हजर राहिल्याबद्दल, बॉस पाडण्यात भाग घेतल्याबद्दल खेळाडूच्या नावे गुण जमा होतात आणि हवी ती वस्तू घेताना ते खर्ची पडतात. मार्क सिल्व्हरमन आणि बार्ट सायमन यांनी २००९ मध्ये या पद्धतीची मिशेल फूको यांच्या शिस्तविषयक विचारांच्या प्रकाशात चिकित्सा केली. वस्तूंच्या न्याय्य वाटपासाठी निघालेली नोंद खेळाडूला वक्तशीर, हजर आणि आज्ञाधारक बनविण्याचे साधन कशी होते, हे त्यांच्या विवेचनावरून लक्षात येते. मात्र या वहीत नोंद होते ती उपस्थितीची. उपस्थित असलेला माणूस काय करीत होता, याविषयी ती बहुतांशी मुकी असते.

दुसरी वही कौशल्याची. लढाईतील प्रत्येक प्रहाराची नोंद खेळ ठेवतो. ती वाचून दर सेकंदाला कोणी किती घाव घातले हे सांगणारे ‘डॅमेज मीटर’ खेळाडूंनीच तयार केले. पुढे ‘वॉरक्राफ्ट लॉग्ज’सारख्या सेवेने एकाच बॉसशी लढलेल्या एकाच प्रकारच्या खेळाडूंची तुलना करून प्रत्येकाला शतमानातील स्थान आणि त्याला साजेसा रंग देण्यास सुरुवात केली. तळाशी राखाडी, वर जांभळा आणि नारिंगी, सर्वोच्च स्थानी सोनेरी. हे रंग बव्हंशी खेळातील वस्तूंच्या प्रतवारीच्या रंगांवरूनच घेतलेले आहेत, ही गोष्ट चिन्हमीमांसेच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. तलवारीची प्रत ज्या रंगाने दाखवावयाची त्याच रंगाने तलवार धरणाऱ्याचीही प्रत दाखविली जाऊ लागली. ‘राखाडी’ हे विशेषण माणसाला लावता येऊ लागले. २०२५ मध्ये खेळाच्या निर्मात्यांनी लढाईच्या माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या ॲड-ऑनांवर बंधने घालण्याचे आणि मोजणीची सोय खेळातच देण्याचे जाहीर केले. बाहेरून आलेल्या प्राश्निकाला संहितेतच आसन देण्याचा हा प्रकार म्हणता येईल.

मोजमापाची बाजू न ऐकता त्याचा धिक्कार करणे सोपे आहे. संख्या येण्यापूर्वी निवाडा होत असे तो गटनायकाच्या मर्जीने, ओळखीने आणि आवाज कोणाचा मोठा यावरून. नवख्या, अबोल खेळाडूला आपली योग्यता सिद्ध करण्याचे साधन संख्येने दिले. टी. एल. टेलर यांनी ‘प्ले बिटवीन वर्ल्ड्स’ (२००६) मध्ये दाखविल्याप्रमाणे काही खेळाडूंचा आनंदच काटेकोर नियोजनात आणि कार्यक्षमतेत असतो. त्यांचा खेळ कामासारखा दिसला म्हणून तो खेळ नव्हे असे ठरत नाही. स्वतःच्या चुका शोधण्यासाठी संख्या वाचणाऱ्याला तीच संख्या गुरूसारखी उपयोगी पडते.

अडचण येते ती संख्या माणसाचे माप ठरते तेव्हा. बॅरन गेडनच्या लढाईकडे पुन्हा वळणे इष्ट होईल. बॉम्ब अंगात असलेला खेळाडू इतरांना वाचविण्यासाठी पळतो. पळताना त्याचे प्रहार थांबतात किंवा मंदावतात. मीटरवर त्याची ओळ आखूड होते. दुसरा एखादा जागचा न हलता शेवटच्या क्षणापर्यंत घाव घालीत राहतो. स्फोट होतो, शेजाऱ्यांना इजा होते, हीलर त्यांना सावरण्यासाठी धडपडतात. मीटरवर मात्र या दुसऱ्याची ओळ लांब असते. पहिल्याचे कौशल्य उणीव म्हणून नोंदले जाते आणि दुसऱ्याची बेपर्वाई नैपुण्य म्हणून. इतरांना झालेली इजा खेळाच्या नोंदीत असतेच आणि चिकित्सक गट ती तपासतातही. परंतु ज्या एका आकड्याने प्रतिष्ठा ठरते त्यात ती येत नाही. दोष आकड्याच्या अचूकतेत नाही. अनेकांच्या संबंधात घडणारी कृती एकाच्या नावावर टाकण्यात तो आहे.

५

या दोन हिशेबांतील ताण तीव्र झाला तो संहिताच सैल करण्याचा प्रश्न आला तेव्हा. ‘नॅक्सरामस’ २००६ मध्ये फारच थोड्या गटांना पार करता आली. पुढील विस्तारात, २००८ साली, ती दहा आणि पंचवीस जणांसाठी पुन्हा रचावी लागली. डिसेंबर २००९ मध्ये खुल्या झालेल्या ‘आइसक्राउन सिटाडेल’ या मोहिमेत निर्मात्यांनी वेगळा उपाय योजला. २०१० मध्ये टप्प्याटप्प्याने सर्व खेळाडूंचे बळ वाढविणारे साह्य देण्यात आले. पाच टक्क्यांपासून ते तीस टक्क्यांपर्यंत गेले. हे साह्य नाकारण्याचीही मुभा होती. बर्नार्ड सूट्स यांनी ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) मध्ये अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करणे हे खेळाचे लक्षण मानले आहे. साह्य नाकारणारा खेळाडू या लक्षणाला तंतोतंत उतरतो. साह्य घेणाऱ्यानेही अडथळा पत्करलेला असतो, फक्त त्याची उंची वेगळी असते. तरीही दोन्ही यशांना एकच नाव कसे द्यावे, यावर खेळाडूंमध्ये कडवटपणा माजला.

नोव्हेंबर २०११ मध्ये या कडवटपणाला नवे निमित्त मिळाले. त्या वेळी आलेल्या सोयीत यंत्रणा पंचवीस अनोळखी खेळाडूंना आपोआप एकत्र आणते आणि मोहिमेचे सौम्य रूप त्यांच्यापुढे ठेवते. २०१४ पासून एकाच मोहिमेच्या चार श्रेणी झाल्या आणि सर्वांत अवघड श्रेणीसाठी वीस ही संख्या निश्चित झाली. एका बाजूचे म्हणणे असे की, ठरल्या रात्री ठरल्या वेळी तीन-चार तास देणे नोकरदाराला, लहान मुलांच्या आईबापांना परवडत नाही. कथेचा शेवट पाहण्याचा हक्क त्यांनाही आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, श्रमाविना मिळालेला शेवट हा शेवटच नव्हे. साहित्यव्यवहारातील संक्षिप्त आवृत्तीचा वाद याहून फार वेगळा नाही. मात्र महाकादंबरीची संक्षिप्त आवृत्ती वाचणारा मूळ ग्रंथ वाचणाऱ्याचे काही हिरावून घेत नाही, हे वाचनात जितके उघड असते तितके येथे राहत नाही. कारण येथे वाचनाच्या पदव्या रंगांनी अंगावर मिरवल्या जातात.

या सौम्य श्रेणीत पुढे आलेली एक योजना विशेष विचारार्ह आहे. गटाचा वाइप झाला की सर्वांचे बळ पाच टक्क्यांनी वाढते; पुन्हा हरले की पुन्हा पाच, असे दहा वेळा. या साह्याचे नाव आहे ‘डिटर्मिनेशन’, म्हणजे निर्धार. निर्धार हा मनाचा गुण. पराभवानंतर पुन्हा उभे राहणाऱ्याच्या ठायी तो असतो किंवा नसतो. येथे तो यंत्राकडून सर्वांना सारखा वाटला जातो. मनापासून झटलेल्याला आणि हातपाय न हलवता उभा राहिलेल्यालाही. अशा गटात काही न करता उभे राहून लुटीतला वाटा घेणारे खेळाडू असतात, ही तक्रार जुनी आहे. कष्टाचे नाव तेवढे शिल्लक राहते. ते कोणी केले हा प्रश्नच यंत्रणेने रद्द केलेला असतो.

परंतु या टीकेतच एक धोका लपलेला आहे. निष्काळजी खेळाडू आणि अकुशल खेळाडू यांचे आकडे मीटरवर सारखेच दिसतात. एकाला करता येते पण तो करीत नाही. दुसरा जिवापाड करतो पण त्याला जमत नाही. वयाने मंदावलेली बोटे, दूरच्या सर्व्हरमुळे उशिरा पोचणारा संदेश, जुना संगणक, नुकतीच झालेली सुरुवात, ही कारणे आकड्यात दिसत नाहीत. खेळाडूंच्या बोलीत दोघांनाही एकच विशेषण लागते, आणि ते बहुधा नीतीचे असते : आळशी. कौशल्याच्या मापावरून कष्टाविषयी निर्णय दिला जातो, आणि कष्टाच्या अभावावरून माणसाच्या योग्यतेविषयी. या दोन उड्यांमध्ये अन्याय घडतो. उलट बॅरन गेडनच्या लढाईत जागचा न हललेला कुशल खेळाडू या निवाड्यातून निर्दोष सुटतो. दोन्ही ठिकाणी निसटते ती एकच गोष्ट : इतरांच्या श्रमाची दखल घेण्याची वृत्ती.

६

या चिकित्सेतून आर्सेथ यांच्या संकल्पनेत करावयाची दुरुस्ती सुचते. सामूहिक संहितेतील दखल घेण्याजोगे श्रम हे एकटा वाचक आणि संहिता यांच्यामधील घर्षणातून मोजता येत नाहीत. ज्या श्रमामुळे दुसऱ्याचा श्रम फलद्रूप होतो, तो तेथे दखल घेण्याजोगा. बॉम्ब घेऊन दूर पळणे हा असा श्रम आहे. लढाईपूर्वी तिची रीत वाचून येणे, चूक झाल्यावर ती कबूल करणे, हेही असेच श्रम आहेत. त्यांतील थोड्यांनाच विलक्षण कौशल्य लागते, आणि मीटरवर त्यांतील थोडेच दिसतात. त्यांचे स्वरूप सहखेळाडूंना दिलेल्या शब्दासारखे असते. दिलेला शब्द पाळताना माणूस कमी पडू शकतो, त्याला दोष लागत नाही. शब्दच न देता फळात वाटा मागणाऱ्याला तो लागतो. कौशल्य आणि कष्ट यांचा संबंध येथे जुळतो. शब्द पाळता यावा म्हणून कौशल्य कमवावयाचे, आणि कौशल्य असूनही शब्द मोडला तर ते गटाच्या दृष्टीने कौशल्य उरत नाही.

वाचनाच्या सामाजिकतेचा विचार साहित्यमीमांसेने केलेला नाही असे नाही. स्टॅन्ली फिश यांनी मांडलेली अर्थनिर्णायक समुदायाची कल्पना सुपरिचित आहे. परंतु त्या समुदायातील वाचक समान संकेत बाळगतात, एकमेकांचे ओझे उचलीत नाहीत. एकाने कवितेचा चुकीचा अर्थ लावला म्हणून शेजारच्या वाचकाचे पुस्तक मिटत नाही. मोहिमेत ते मिटते. म्हणूनच तेथील वाचनाची मीमांसा अर्थाच्या प्रश्नावर थांबू शकत नाही. तिला न्यायाचा प्रश्न विचारावाच लागतो. नाटकमंडळी, वाद्यवृंद, समूहगायन यांची मीमांसा करतानाही हा प्रश्न टळत नाही. तेथेही प्रयोग अनेकांचा असतो आणि नाव बहुधा एकाचे होते.

चेन यांच्या ग्रंथाच्या उपशीर्षकात एका निष्णात गटाच्या जीवनाबरोबर त्याच्या मृत्यूचाही उल्लेख आहे. तो गट मोडला तो खेळाडूंचे कौशल्य आटले म्हणून नव्हे; उलट तोपर्यंत ते वाढलेले होते. सोबतीसाठी एकत्र यावयाचे की वेगाने पुढे सरकण्यासाठी, याविषयी माणसांच्या अपेक्षा जुळेनाशा झाल्या. एकाला जो श्रम वाटे तो दुसऱ्याला वेळेचा अपव्यय वाटू लागला. त्या दिवसांत लढाईतील जवळजवळ प्रत्येक गोष्टीची नोंद यंत्राकडे होती. परस्परांना दिलेला शब्द सैल होत चालल्याची नोंद मात्र कोणत्याही मीटरवर उमटली नाही.